स्ट्रासबर्गचं घड्याळ: कोंबड्यासाठी जा, पंचांगासाठी थांबा

स्ट्रासबर्गच्या कॅथेड्रलमधलं, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमधलं, खगोलीय घड्याळ बघायला पहिल्यांदा गेलो तो रविवार होता. जर्मनीतल्या स्टुटगार्टहून फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला थेट गाडीने सव्वा-दीड तास लागतो, म्हणून एका रविवारी उठलो आणि काही न बघता निघालो. दारात पोहोचल्यावर कळलं की रविवारी कॅथेड्रलमध्ये प्रार्थना असतात आणि दुपारचा घड्याळाचा कार्यक्रम होत नाही. चूक सर्वस्वी माझी. एक कॉफी प्यायलो, कालव्याकाठी दोन फेऱ्या मारल्या आणि परत आलो. तेव्हा पहिली सूचना हीच: रविवार सोडून जा.

दुसऱ्यांदा आई-बाबा सोबत होते. ते पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले होते. बाबांची अख्खी नोकरी चिंचवडच्या एका कारखान्यात गिअर कापायच्या मशीनवर गेली. आईचा दिवस कालनिर्णय बघितल्याशिवाय सुरू होत नाही, येताना तिने ते बॅगेत घालून आणलं होतं. तारीख होती 15 मार्च 2025, शनिवार, आपल्याकडच्या धुळवडीचा दुसरा दिवस. या दोघांना घेऊन त्या घड्याळासमोर उभं राहिल्यावर माझ्या लक्षात आलं की मी एकटा गेलो असतो तर घड्याळावरचा आरवणारा यांत्रिक कोंबडा बघून परतलो असतो.

आधी जाण्याबद्दल. पॅरिसहून येणाऱ्यांना गार द लेस्त स्टेशनवरून टीजीव्ही या वेगवान गाडीने पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. जर्मनीतून स्वस्तात यायचं असेल तर लोकल गाड्यांनी केल या सीमेवरच्या जर्मन गावापर्यंत या आणि तिथून डी नंबरची ट्राम धरा. ती ऱ्हाइन ओलांडून सरळ स्ट्रासबर्गात शिरते. ट्रामचं तिकीट वेगळं काढावं लागतं. पासपोर्ट प्रत्येकाच्या खिशात हवा. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो म्हणून आम्ही निर्धास्त होतो, पण परतताना केलला पोलीस चढले आणि आईचा पासपोर्ट तिच्या पिशवीत तळाशी, थेपल्यांच्या डब्याखाली निघाला. स्टेशनवरून कॅथेड्रलपर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि वाट विचारावी लागत नाही. गुलाबी दगडाचा तो एकच मनोरा घरांच्या फटींतून सारखा डोकावत असतो. उंची 142 मीटर, बांधून पूर्ण 1439 साली. 1647 पासून 1874 पर्यंत जगातली सर्वांत उंच इमारत हीच होती. दुसरा मनोरा कधी झालाच नाही, त्यामुळे समोरून पाहिलं की एक शिंग मोडलेल्या बैलासारखं दिसतं. हे आईचं निरीक्षण, माझं नाही.

आता महत्त्वाचं, रांग. मुख्य दरवाजा पश्चिमेला आहे. सगळे पर्यटक तिथेच जमतात आणि आम्हीही दहा मिनिटं तिथेच उभे राहिलो. घड्याळाच्या कार्यक्रमासाठी दक्षिणेकडच्या दाराने जायचं असतं, म्हणजे कॅथेड्रलला वळसा घालून रोहान राजवाड्यासमोरच्या चौकात. दुपारी या कार्यक्रमासाठी कॅथेड्रल बाकीच्यांना बंद होतं आणि फक्त तिकीटवाले आत जातात. तिकीट चार युरोंच्या आसपास आहे. दर आणि वेळा बदलतात, म्हणून निघण्याआधी कॅथेड्रलच्या संकेतस्थळावर बघून घ्या. आम्ही सव्वाअकराला रांगेत होतो. पावणेबारानंतर आलेले लोक खांबांच्या मागे गेले. बॅगा तपासतात, त्यामुळे चाकांची बॅग असेल तर स्टेशनवर ठेवून या.

आत गेल्यावर साधारण तासभर उभं राहावं लागतं. वयस्कर माणसं सोबत असतील तर आधीच एखाद्या कॅफेत बसवून चहा-पाणी, बाथरूम सगळं उरकून घ्या. बारा वाजता घड्याळाची माहिती देणारी चित्रफीत दाखवतात. ती बघाच, कारण वरच्या हालचाली इतक्या उंचावर आणि इतक्या पटकन होतात की आधी सांगितलेलं नसेल तर काही कळत नाही.

साडेबाराला मुख्य कार्यक्रम. साडेबाराच का? हे घड्याळ स्ट्रासबर्गच्या स्थानिक वेळेवर चालतं. त्याचे बारा वाजतात तेव्हा लोकांच्या मनगटावर साडेबारा झालेले असतात. मी हे समजावून सांगायला लागलो तेव्हा बाबांनी मला मध्येच थांबवलं. "अरे, आपल्याकडे मुंबई टाइम होता की! आजोबा सांगायचे. गिरणीचा भोंगा एका वेळेवर आणि रेल्वे दुसऱ्या." खरं आहे. मुंबईची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे होती आणि 1955 पर्यंत ती शहरात टिकून राहिली. इथे अर्ध्या तासाचा फरक, तिथे पाऊण तासाला थोडा कमी. बाबांचं त्या घड्याळाशी तिथेच जुळलं.

घड्याळ अठरा मीटर उंच आहे, म्हणजे आपल्याकडच्या पाचमजली इमारतीएवढं. वरच्या भागात दोन सज्जे. खालच्या सज्जात मृत्यू उभा असतो, हाडांचा सापळा, हातात घंटा वाजवायचं हाड. त्याच्या समोरून माणसाची चार वयं जातात. पहिल्या पाव तासाला बाळ, दुसऱ्याला तरुण, तिसऱ्याला प्रौढ, चौथ्याला म्हातारा. प्रत्येकजण आपला ठोका देऊन पुढे सरकतो आणि तासाचे ठोके मृत्यू देतो. बारा वाजल्यावर वरच्या सज्जातून बारा शिष्य येशूसमोरून जातात, येशू त्यांना आशीर्वाद देतो, आणि डाव्या बाजूच्या बुरुजावरचा कोंबडा पंख फडफडवून तीन वेळा आरवतो. हा आवाज भात्यातल्या हवेचा आहे, पण ऐकताना दचकायला होतं. आमच्या शेजारची एक लहान मुलगी तिसऱ्या आरवण्यानंतर टाळ्या वाजवू लागली आणि मग सगळेच वाजवू लागले. दुर्बीण असेल तर आणा. शिष्यांचे चेहरे साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. मोबाइल वर धरून शूटिंग करणाऱ्यांच्या हाती बहुतेक समोरच्याचा मोबाइलच लागतो.

कोंबडा गप्प झाला की गर्दी दाराकडे वळते. तुम्ही वळू नका. या सबंध लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. वरचा खेळ छान आहे, पण घड्याळाचा जीव खाली आहे, डोळ्यांच्या पातळीला, जिथे गर्दीमुळे कार्यक्रमाच्या वेळी कोणी बघतच नाही. थोड्या वेळाने कॅथेड्रल सगळ्यांना मोफत उघडतं. आम्ही बाहेर जाऊन जेवलो आणि अडीचला परत आलो. तेव्हा घड्याळापुढे जेमतेम आठ-दहा माणसं होती.

खाली समोर ताऱ्यांचा गोल आहे, आणि त्यामागे वर्षभराच्या तारखांची मोठी कडी हळूहळू फिरते. एका बाजूला उभा असलेला अपोलो बाणाने आजचा दिवस दाखवतो. त्याच्या वर, दोन सज्जांच्या खाली, रथांत बसलेले वारांचे देव. रविवारी अपोलो म्हणजे सूर्य, सोमवारी डायना म्हणजे चंद्र, मग मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. आई त्या दिवशीच्या रथाकडे बघत म्हणाली, "म्हणजे यांचेही वार आपल्यासारखेच की. आज शनी." मी म्हटलं, "हो, क्रम तोच." त्यावर तिने पिशवी चाचपली आणि मला खात्री आहे, तेलाची बाटली जवळ असती तर तिने मारुती शोधला असता.

डाव्या बाजूला काचेमागे पितळी चाकांचा एक गुंता आहे. बाबा तिथे वीस मिनिटं हलले नाहीत. हे यंत्र ईस्टरची तारीख काढतं. ईस्टर ठरावीक तारखेला येत नाही. वसंत संपातानंतरची (वसंतात दिवस-रात्र सारखी होतात त्या दिवसानंतरची) पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार, असा नियम आहे, आणि संपाताचा दिवस चर्चने 21 मार्च धरलेला आहे. दर 31 डिसेंबरच्या मध्यरात्री ही चाकं फिरतात आणि पुढच्या वर्षाचा ईस्टर आपोआप लागतो. त्यासाठी 19 वर्षांचं चांद्रचक्र, ज्यानंतर पौर्णिमा साधारण त्याच तारखांना परत येतात, धातूत बसवलंय. आईने हे ऐकलं आणि विचारलं, "मग गेल्या वर्षी होळी आणि ईस्टर एकाच आठवड्यात कसे आले, आणि यंदा ईस्टर महिनाभर लांब का?" हा प्रश्न मला सुचला नव्हता. उत्तर मात्र त्या चाकांतच आहे. 2024 मध्ये पौर्णिमा 25 मार्चला होती, 21 नंतर, त्यामुळे ईस्टर 31 मार्चला आला. 2025 मध्ये फाल्गुनी पौर्णिमा 14 मार्चला झाली, म्हणजे आधीच. ती बाद. पुढची चैत्री पौर्णिमा धरायची, आणि म्हणून ईस्टर 20 एप्रिलला. आईने कालनिर्णय काढून हनुमान जयंती बघितली, 12 एप्रिल, आणि मान डोलावली. आपल्याकडे 19 वर्षांत सात अधिक महिने येतात तेही याच चक्रामुळे.

बाबांचा प्रश्न वेगळा होता. "हे दाते कशावर कापलेत?" घडवणारा माणूस झां-बातीस्त श्विल्गे, जन्म इथलाच, 1776 चा. सध्याचं यंत्र त्याने 1838 ते 1842 या काळात बसवलं, आणि दाते अचूक यावेत म्हणून ते कापायचं मशीनही स्वतःच तयार केलं. "बरोबर आहे," बाबा म्हणाले, "हाताने फाइल मारून हे व्हायचं नाही." लीप वर्षाचं गणितही यात आहे, शतकाच्या अपवादासकट. 2100 साल चाराने भागलं जात असूनही लीप नसेल, हे या चाकांना आत्ताच माहीत आहे.

हे इथलं तिसरं घड्याळ. पहिलं 1350 च्या दशकातलं. दुसरं 1574 साली पूर्ण झालं, गणितज्ञ डासिपोडियस आणि घड्याळजी हाब्रेख्ट बंधूंच्या हातून. चित्रं टोबियास श्टिमरची, आणि नक्षीची पेटी आजही तीच, श्विल्गेने फक्त आतलं पोट बदललं. दुसऱ्या घड्याळावर सूर्य मध्यभागी मानणाऱ्या कोपर्निकसचं चित्र लावलेलं होतं, पण तबकडीत मध्यभागी पृथ्वीच होती! चित्र अजून तिथे आहे, नीट शोधा. श्विल्गेने सूर्य मध्यावर आणला, आणि आज तिथे बुध ते शनी आपापल्या गतीने फिरताना दिसतात. घड्याळजीचे डोळे नगरपालांनी काढले, म्हणजे त्याला दुसरीकडे असं घड्याळ बनवता येऊ नये, ही दंतकथा इथेही सांगतात. ताजमहालच्या कारागिरांच्या हातांची गोष्ट आठवली. असली गोष्ट प्रत्येक सुंदर वस्तूला चिकटलेली दिसते.

थांबणार असाल तर मनगटावरच्या सव्वातीनला या आणि साडेतीनपर्यंत उभे राहा. प्रौढ, म्हातारा आणि मृत्यू, तिन्ही मोफत बघायला मिळतात. मधल्या पंधरा मिनिटांत समोरचा देवदूतांचा खांब पाहा, तेराव्या शतकातला. वरच्या कठड्यावर कोपरं टेकून एक दगडी माणूस त्या खांबाकडे टक लावून बसलाय. म्हणे, हा खांब टिकणार नाही असं तो म्हणाला होता, म्हणून खांब पडेपर्यंत तिथेच बसण्याची शिक्षा मिळाली. आईला घड्याळापेक्षा हाच आवडला. "आपल्या सोसायटीत असे दोन आहेत," ती म्हणाली.

शेजारच्या रोहान राजवाड्यातल्या संग्रहालयात पहिल्या घड्याळाचा लोखंडी कोंबडा ठेवलाय, साडेसहाशे वर्षांहून जुना. पंख, चोच, सगळं हलायचं. वेळ असेल तर तो चुकवू नका. मनोऱ्याच्या गच्चीवर चढायला सव्वातीनशेच्या वर पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. मी एकटा चढलो, छातीत भाता चालू झाला. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी खालीच राहावं.

जेवणाबद्दल शाकाहाऱ्यांना सावधगिरी. इथला तार्त फ्लांबे म्हणजे पातळ पोळीवर मलई आणि कांदा, दिसायला निरुपद्रवी, पण त्यात डुकराचे बारीक तुकडे असतात. 'सां लार्दों' असं सांगा, बिनतुकड्यांचा मिळतो. बाबांनी दोन खाल्ले. डिसेंबरात नाताळच्या बाजारामुळे शहरात पाय ठेवायला जागा नसते. घड्याळासाठीच यायचं असेल तर तो महिना टाळा.

परतताना ट्राममध्ये बाबांनी विचारलं, "31 डिसेंबरच्या रात्री आत घेतात का रे?"

"नाही, मध्यरात्री बंद असतं."

"मग 1 तारखेला सकाळी येऊ. चाकं कुठून कुठे गेली ते तरी कळेल. आज फोटो काढलायस ना तू, त्या डाव्या काचेचा?"

काढला होता. तिरका, आणि काचेत माझंच नाक.