सोमवार, दुपारी २ वाजून १७ मिनिटं

गुरुवारी दुपारी दीडला मी नुकती जेवायला बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या संस्थेच्या दप्तरखान्यातले काका बोलत होते. एरवी शांत बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"ताई, सकाळी दुरुस्तीसाठी लाइट बंद होते. आता आलेत. पण तुमची पेटी उघडत नाही. सगळे कागद त्यातच आहेत हो."

ती पेटी म्हणजे आमच्या कंपनीने बनवलेला छोटा स्टोरेज सर्व्हर. आत ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क, दोन्हींवर तीच माहिती. त्यावर लिनक्सची बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइल कुठे, कशा ठेवायच्या ते सांभाळणारी व्यवस्था, आणि तिच्यात आम्ही केलेले काही बदल. संस्थेकडे मोडी कागदांचं स्कॅनिंग नऊ वर्षं चालू होतं आणि २.६ टीबी चित्रं त्या पेटीत होती. बाहेर काढून ठेवलेली दुसरी प्रत होती, पण ती दिवाळीतली, आणि आता जुलै चालू होता.

काकांना मी सांगितलं नाही, पण माझ्या पोटात गोळा आला होता तो वेगळ्याच कारणाने. तीनच आठवड्यांपूर्वी मी लिहिलेला एक बदल अपडेटमधून सगळ्या पेट्यांवर गेला होता. फाइल सिस्टिम आपल्या नोंदी झाडासारख्या रचनेत, म्हणजे ट्रीमध्ये, पानापानांवर ठेवते. ट्रीमधलं एक पान भरलं की त्याची दोन पानं कशी करायची, त्या कोडमधला बदल. फाइल सिस्टिममध्ये याहून नाजूक जागा थोड्याच असतील.

डबा तसाच झाकला आणि निघाले. पाऊस होता. बाणेरहून विद्यापीठ चौक पार करून पेठेत पोचायला पाऊण तास लागला.

वाड्याच्या वरच्या मजल्यावर संस्थेचा कॉम्प्युटर बघणारा एक मुलगा आधीच येऊन बसला होता. इंटरनेटवर शोधून त्याने 'रिपेअर'ची कमांड लिहून ठेवली होती, फक्त एंटर दाबायचं राहिलं होतं. काकांनी त्याला थांबवून ठेवलं होतं. ते मला म्हणाले, "फाटका कागद आला की आम्ही आधी चिकटवत नाही. आधी आहे तसा नोंदवतो. म्हटलं, ताई येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही."

ती कमांड चालवली की आधी दहा सेकंद थांबते आणि बजावते, की जाणकाराने सांगितल्याशिवाय हे वापरू नका. ती थेट डिस्कवर लिहिते, आणि निदान चुकीचं असेल तर उरलेला पुरावाही पुसते. हे मी त्या मुलाला नीट समजावून सांगितलं. त्याची चूक नव्हती. घाबरलेला माणूस काहीतरी करायला बघतोच.

डिस्क मी काढून घेतल्या. काकांनी त्या हातात घेतल्या, लाल खारव्याच्या एका रुमालात ठेवल्या, दप्तराला मारतात तशी गाठ मारली आणि रजिस्टरमध्ये नोंद केली: 'रुमाल १, डिस्क २, तपासणीसाठी बाहेर.' माझी सही घेतली. पेटीही सोबत दिली.

ऑफिसमध्ये पोचल्यावर पहिलं काम, दोन्ही डिस्क फक्त वाचण्यापुरत्या उघडणं. त्यावर एक थर चढवला, म्हणजे काही लिहिलं गेलंच तर ते मूळ डिस्कवर न जाता वेगळ्या फाइलमध्ये जाईल. मग माउंट करून, म्हणजे फाइल सिस्टिम उघडून बघितलं. ब्लॉक ग्रुप, म्हणजे डिस्कवरच्या जागेचे मोठे गट, वाचता आले नाहीत, असं म्हणून कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, हात वर केले.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. साध्या फाइल सिस्टिममध्ये माहिती बदलली की जुन्या जागेवरच नवं लिहितात. कॉपी-ऑन-राइट या बीटीआरएफएसच्या पद्धतीत जुन्याला हात लावत नाहीत. बदललेलं पान नव्या जागी लिहितात. पानाचा पत्ता बदलला म्हणून त्याच्या वरचं पान बदलतं, त्यामुळे त्याच्याही वरचं, असं करत मुळापर्यंत. सगळं लिहून झालं की शेवटी सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या एका ठरलेल्या जागी, नव्या मुळाचा पत्ता टाकतात. तो पत्ता पडेपर्यंत जुनं झाड अख्खं शाबूत असतं. अशी एक फेरी म्हणजे एक व्यवहार, आणि प्रत्येक व्यवहाराला चढता क्रमांक असतो. बी-ट्री नावाच्या नेहमीच्या रचनेत शेजारशेजारची पानं एकमेकांना जोडलेली असतात. तिथे असं करायला गेलं, तर एक पान हलताच त्याचा शेजारी हलेल, मग त्याचा शेजारी. संशोधक ओहाद रोडे यांनी ती आडवी जोडणीच काढून टाकली, आणि त्या रचनेवर ख्रिस मेसन यांनी २००७ साली ओरॅकलमध्ये असताना बीटीआरएफएस सुरू केली. २००९ साली ती लिनक्स कर्नलमध्ये आली. नोकरीच्या पहिल्या वर्षी ही रचना मला पहिल्यांदा कळली, त्या रात्री झोप आली नव्हती. इतकी साधी आणि इतकी पक्की.

सगळ्यांचा संशय साहजिकच लाइट जाण्यावर होता. पण त्याची खूण वेगळी असते. डिस्कने 'लिहिलं' म्हणून सांगितलं आणि प्रत्यक्षात लिहिण्याआधीच वीज गेली, तर वरच्या पानाला अपेक्षित असलेला व्यवहार क्रमांक आणि खालच्या पानावर सापडलेला क्रमांक जुळत नाहीत. कर्नल ते दोन्ही आकडे छापतो. इथे तसं काही नव्हतं. क्रमांक जुळत होते. तक्रार अशी होती की एका पानावरच्या नोंदी चढत्या क्रमाने नाहीत.

माझ्या शेजारी बसलेला आमच्या टीममधला सगळ्यात नवा मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अगं, पण या पानाचं चेकसम बरोबर आहे."

चेकसम म्हणजे पान लिहिताना त्यातल्या मजकुरावरून काढून सोबत ठेवलेला पडताळणीचा आकडा. मी दुसऱ्या डिस्कवरचं तेच पान काढलं. तिथेही तीच चूक, आणि तिथेही चेकसम बरोबर.

म्हणजे डिस्क निर्दोष होत्या. दोन वेगळ्या डिस्क एकाच जागी एकसारख्या बिघडत नाहीत, आणि बिघडल्या असत्या तर चेकसम चुकलं असतं. चेकसम काढलं गेलं त्याआधीच पान चुकलेलं होतं आणि ते मेमरीत चुकलं होतं. मग चुकवणारे दोनच उरत होते, पेटीतली रॅम किंवा माझा कोड.

सुपरब्लॉकमध्ये मुळाचे मागचे चार पत्ते जपून ठेवलेले असतात. ते बघितले. उपयोग नव्हता. पानावर व्यवहार क्रमांक ४१६३०४ होता आणि सुपरब्लॉकवर ४१८२३३. चूक १९२९ व्यवहार जुनी होती. सकाळी लाइट गेले नसते तर ती अजूनही कोणाला दिसली नसती. पेटी बंद होऊन परत चालू झाली, ते पान डिस्कवरून नव्याने वाचलं गेलं आणि तेव्हा सापडली.

त्या पानावरच्या नोंदींतले हे तीन लागोपाठचे आकडे, म्हणजे जागांचे पत्ते, मला आता तोंडपाठ आहेत:

११२६८०९७६३८४
७८३२१२५४४००
११२६८१००९१५२

पहिला आणि तिसरा यांच्यात ३२७६८ चं अंतर आहे. एक पान १६ केबीचं, म्हणजे १६३८४ बाइट्सचं. तेव्हा मधे ११२६८०९९२७६८ असायला हवं होतं. मी कागदावर वजाबाकी केली. असायला हवा तो आकडा वजा असलेला आकडा: ३४३५९७३८३६८.

हा आकडा आमच्या धंद्यात ओळखीचा आहे. दोनाचा पस्तिसावा घात, तंतोतंत. त्या आकड्याचा वरचा भाग बायनरीत ११०१० असायला हवा होता, तिथे १००१० झालं होतं. एकाचा शून्य झाला होता, एकाच ठिकाणी. बाकी सगळं जागच्या जागी.

माझा कोड नोंदी उचलून एका पानावरून दुसऱ्या पानावर ठेवतो. एकेक नोंद पंचवीस बाइट्सची. त्याची चूक झाली असती तर नोंद अख्खी सरकली असती, दोनदा आली असती किंवा गळाली असती. आकड्याच्या पोटातला एकटा बिट काढून बाकीचे त्रेसष्ट जसेच्या तसे ठेवणं त्याला जमणारंच नाही. हे मला पटलं होतं, तरी मी सही करण्याइतकी निश्चिंत नव्हते. पेटीवर मेमरीची चाचणी लावून दिली आणि दरम्यान दुसरा पुरावा शोधायला बसले.

कॉपी-ऑन-राइट असेल तर या पानाची जुनी आवृत्ती कुठेतरी पडून असायला हवी. ती जागा मोकळी म्हणून नोंदलेली असेल, पण त्यावर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर मजकूर तसाच असेल. शिवाय या साध्या हार्ड डिस्क होत्या, मोकळी जागा पुसून टाकणारं ट्रिम त्यांच्यात नव्हतं. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला १०१ बाइट्सचं शीर्षक असतं. त्यात चेकसम, फाइल सिस्टिमची ओळख, पत्ता, व्यवहार क्रमांक आणि कोणत्या ट्रीचं पान हे सगळं असतं. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. मेटाडेटाची, म्हणजे या नोंदींच्या पानांची, सगळी जागा १६ केबीच्या टप्प्यांनी वाचायची आणि याच ट्रीची, याच आकड्यांच्या आसपासची पानं वेगळी काढायची.

रात्री पावणेबाराला एक सापडलं. व्यवहार क्रमांक ४१६२९८. सहाच व्यवहार आधीचं. मधला आकडा ११२६८०९९२७६८, बरोबर. चेकसमही बरोबर.

हे पान बघताना मला काय वाटलं ते नेमकं लिहिता येणार नाही. कोणी जपून ठेवायला सांगितलं नव्हतं. फक्त त्याच्यावर कोणी लिहिलं नव्हतं, म्हणून ते राहिलं होतं.

मग वेळ काढली. फाइलच्या नोंदीत व्यवहार क्रमांकही असतो आणि घड्याळाची वेळही. ४१६३०४ या व्यवहारात कोणत्या फाइल लिहिल्या गेल्या ते बघितलं. एकच होती, मोडीच्या एका पानाचं चित्र. सोमवार, दुपारी २ वाजून १७ मिनिटं.

पहाटे तिसऱ्या फेरीत मेमरीच्या चाचणीने लाल ओळ दाखवली. एका पत्त्यावर १ लिहिला तरी वाचताना ० मिळत होता. बाइटातला उजवीकडून चौथा बिट. आपला हरवलेला बिटही त्याच्या बाइटात उजवीकडून चौथाच. पेटीत चूक पकडणारी ईसीसी मेमरी नव्हती.

कागद परत मिळवण्याचं काम त्यामानाने सोपं निघालं. जे पान चुकलं होतं ते एक्स्टेंट ट्रीचं होतं. ते झाड म्हणजे डिस्कचा सातबारा, कुठली जागा कोणाच्या ताब्यात आहे त्याचा. सातबारा चुकला म्हणून शेतातलं पीक नाहीसं होत नाही, फक्त नवा व्यवहार अडतो. नव्या कर्नलमध्ये खराब मुळांकडे दुर्लक्ष करून केवळ वाचण्यासाठी माउंट करण्याची सोय आहे. ब्लॉक ग्रुपच्या खऱ्या नोंदींऐवजी ती कामचलाऊ नोंदी मांडते. तसं माउंट केलं आणि सगळं दुसरीकडे उतरवायला सुरुवात केली. प्रत्येक फाइल वाचताना तिचं चेकसम तपासलं जात होतं. शुक्रवारी संध्याकाळी संपलं. लाखाहून जास्त पानं, एकाही फाइलचं चेकसम चुकलं नाही.

एक गोष्ट मात्र मला लागून राहिली आहे आणि ती मी ऑफिसच्या अहवालात तशीच लिहिली. मेटाडेटाचं पान डिस्कवर जाण्याआधी ते तपासायचं आणि चुकलं असेल तर लिहायलाच नकार द्यायचा, ही तपासणी लिनक्समध्ये ५.२ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे. आमची पेटी त्याआधीच्या ४.१९ वर चालते. ती तपासणी आम्ही आमच्या जुन्या कर्नलमध्ये आणली नव्हती. आणली असती तर बहुतेक पेटी सोमवारीच थांबली असती, ते पान डिस्कपर्यंत पोचलं नसतं, आणि काकांना त्या दुपारी तसा फोन करावा लागला नसता. हे काम दोन वर्षं यादीत होतं आणि यादीवर माझं नाव होतं. पुढच्या आठवड्यात मी ते केलं. नव्या पेट्यांत ईसीसी मेमरी घालायची की नाही, यावर अजून बैठका चालू आहेत. मी प्रत्येक बैठकीत तेच बोलते.

फोन आल्यानंतरच्या सोमवारी नवी पेटी, जुन्या डिस्क आणि तो खारवा घेऊन मी पेठेत गेले. काकांनी पेटीतले कागद उघडून बघितले. आधी नऊ वर्षांपूर्वीचे पहिले, मग मधले, मग परवाचे. मी त्यांना आधीच्या सोमवारच्या दुपारच्या त्या चित्राचं विचारलं. त्यांनी ते पडद्यावर काढलं, चष्मा वर केला आणि वाचलं. पाटीलकीच्या वादातला कागद होता, दोन भावांच्या हिश्शांचा. "हा मीच लावला होता स्कॅनरवर," ते म्हणाले. "कोपरा दुमडला होता, म्हणून दोनदा काढला."

मग त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. 'रुमाल १, डिस्क २, जशाच्या तशा परत' असं त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. शेजारचा रकाना रिकामा होता.

"मूळ प्रतीत दोष काय होता, ते तुमच्या हाताने लिहा," ते म्हणाले. "पुढे कोणाला लागलं तर."

मी पेन घेतलं आणि दोन आकडे लिहिले. आधी असायला हवा होता तो, त्याखाली होता तो.

काकांनी दोन्ही आकडे एकेक करून मोठ्याने वाचले, शाई वाळेपर्यंत थांबले आणि रजिस्टर मिटलं.