श्वास मोजण्याचे काम

दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतातील एका खासगी वन्यजीव क्षेत्रात जुलै महिन्याच्या एका सकाळी मला जे काम नेमून दिले गेले, ते ऐकायला अगदी साधे होते. गुंगीत पडलेल्या गेंड्याच्या नाकपुडीसमोर तळहात धरायचा, श्वास मोजायचे आणि दर मिनिटाला आकडा मोठ्याने सांगायचा. पशुवैद्यकीय पदवीची इंटर्नशिप संपवून मी महाराष्ट्रातून तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी तेथे गेले होते. डार्टची, म्हणजे औषध भरलेली सुई दुरून मारण्याची, बंदूक एकदा तरी हातात मिळेल, अशी आशा मनात होती. ती शेवटपर्यंत मिळाली नाही, आणि ती न देणाऱ्या शिक्षकांविषयी माझ्या मनात आज अधिकच आदर आहे.

तिकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा. गेंडे पकडण्याची कामे थंडीच्या महिन्यांत, आणि तीही ऊन चढण्याआधी उरकतात, कारण पळून तापलेल्या एवढ्या मोठ्या जनावराच्या अंगातील उष्णता गुंगीत असताना सहज बाहेर पडत नाही. पशुवैद्यकाने हेलिकॉप्टरमधून डार्ट मारला आणि वैमानिकाने त्या तरुण मादीला ओढ्याच्या घळीपासून दूर, मोकळ्या माळाकडे हलकेच वळवत नेले. सहा-सात मिनिटांत ती पुढचे पाय विचित्र उंच उचलत, अडखळत चालू लागली. आमची गाडी पोचेपर्यंत ती छातीवर बसली होती. एकाने तिच्या डोळ्यांवर जाड टॉवेल बांधला, तर दुसऱ्याने तिच्या दोन्ही कानांत कापूस भरलेले जुने मोजे कोंबले. महागडे औषध तिच्या अंगात होते, हेलिकॉप्टर डोक्यावर घिरट्या घालत होते, आणि तिला शांत ठेवण्याचा मोठा भार त्या दोन जुन्या मोज्यांवर होता. गुंगीतल्या जनावराला ऐकू येते आणि आवाजाने ते दचकते, हे पुस्तकात वाचले होते. पण मोजे बसताच तिच्या कानांची हालचाल थांबली, ते पाहिल्यावर खऱ्या अर्थाने समजले.

त्या दिवशीचे मुख्य काम तिच्या कानांना खाचा पाडण्याचे होते. आपल्याकडे गुरांच्या कानात बिल्ला मारतात. काटेरी झुडपांत वावरणाऱ्या गेंड्याच्या कानात असा बिल्ला टिकणे कठीण. म्हणून कानाच्या कडेला ठरलेल्या जागी खाच पाडतात, प्रत्येक जागेला एक आकडा असतो आणि त्या आकड्यांची बेरीज हा त्या गेंड्याचा क्रमांक होतो. वनरक्षकाला दुर्बिणीतूनही तो वाचता येतो. त्याच वेळी शिंगात आणि मानेत मायक्रोचिप बसवली गेली, आणि रक्ताचे व शिंगाच्या भुशाचे नमुने प्रिटोरिया विद्यापीठाच्या ऑन्डरस्टेपूर्ट येथील पशुवैद्यक प्रयोगशाळेसाठी घेतले गेले. पुढे कोठे चोरीचे शिंग सापडले, तर त्याचा डीएनए या नोंदींशी ताडून पाहता येतो आणि तो न्यायालयात पुरावा म्हणून उभा राहतो. दक्षिण आफ्रिकेत 2007 साली शिकाऱ्यांनी 13 गेंडे मारले होते. 2014 साली हा आकडा 1,215 झाला. 2024 साली तो 420 पर्यंत उतरला, तरी दिवसाला एकापेक्षा अधिक गेंडा हा हिशेब कोणाही पशुवैद्यकाला स्वस्थ बसू देणारा नाही.

गुंगीसाठी वापरलेले औषध म्हणजे इटॉर्फिन. तेथील मंडळी त्याला अजूनही ‘एम नाइन्टी-नाइन’ या जुन्या नावानेच ओळखतात. मॉर्फिनच्या हजार पटींहून अधिक प्रभावी असलेल्या या औषधाचे तीन-चार मिलिग्रॅम दोन टनांच्या पूर्ण वाढलेल्या पांढऱ्या गेंड्याला खाली बसवायला पुरतात. मात्रा इतकी थोडी, म्हणूनच ती लहानशा डार्टमध्ये मावते आणि दुरून देता येते. हेच औषध माणसाच्या डोळ्यात उडाले किंवा सुईचा ओरखडा लागून अंगात गेले, तरी जीव जाऊ शकतो. त्यामुळे डार्ट भरणाऱ्या व्यक्तीच्या शेजारी दुसरी व्यक्ती माणसासाठीचा उतारा तयार ठेवून उभी असते, आणि एकट्याने ते औषध कोणीही हाताळत नाही. पहिले दोन दिवस आम्ही फक्त रिकाम्या डार्टमध्ये पाणी भरत होतो. हातमोजे, चष्मा, सुईचे टोक कोणत्या दिशेला, टोपण कोणत्या हाताने, रिकामी कुपी कोठे ठेवायची. माझ्या काही सहकाऱ्यांना त्याचा कंटाळा आला. मला तो आला नाही, कारण लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणात एका गोठ्यात अंगावर आलेल्या बैलामुळे सुई माझ्या बोटात कशी शिरली होती, ते मी विसरले नव्हते. तेथे ती लसीची सुई होती, म्हणून निभावले.

या औषधाच्या मागे एक मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेकडील पांढरे गेंडे शंभराहूनही कमी उरले होते आणि तेही दक्षिण आफ्रिकेच्या झुलुलँड भागातील उम्फोलोझीच्या परिसरातच. 1895 साली त्या भागाला संरक्षण मिळाले आणि संख्या वाढली. मग एकाच ठिकाणी सगळे गेंडे असणे हाच धोका ठरू लागला, कारण एखादी साथ किंवा मोठा दुष्काळ आला असता तर सारी जातच गेली असती. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला इयान प्लेअर यांच्या नेतृत्वाखालील वनरक्षकांनी आणि टोनी हार्टहूर्न यांच्यासारख्या पशुवैद्यकांनी गेंड्यांना गुंगी देऊन दुसऱ्या अभयारण्यांत हलवण्याची पद्धत बसवली. औषध किती, कोणते आणि कशात मिसळून द्यायचे, हे सगळे जिवंत जनावरांवर चाचपडतच शिकावे लागले आणि त्यात काही गेंडे दगावलेही. आज आफ्रिकेत पांढऱ्या गेंड्यांची संख्या पंधरा हजारांच्या वर आहे, आणि ते जवळजवळ सगळे त्या मूठभर गेंड्यांचे वंशज आहेत.

माझा तळहात नाकपुडीसमोर होता. पहिल्या मिनिटाला नऊ, दुसऱ्याला आठ. श्वास गरम, ओलसर आणि वाळलेल्या गवताच्या वासाचा होता. दोन श्वासांमधील अंतर इतके लांबत होते, की प्रत्येक वेळी माझाच श्वास अडकत होता. तिसऱ्या मिनिटाला मी पाच म्हणाले आणि सगळ्यांच्या हालचाली बदलल्या. इटॉर्फिनमुळे गेंड्याचा श्वास मंदावतो, रक्तातील प्राणवायू घसरतो, आणि पांढऱ्या गेंड्यात हा धोका विशेष असतो. शिक्षकांनी कानाच्या शिरेतून ब्युटॉर्फॅनॉल दिले, जे गुंगी पूर्ण न उतरवता श्वासावरील दाब थोडा सैल करते. नाकपुडीतून नळी आत सरकवून प्राणवायू सुरू केला. त्याच वेळी आम्हा सहाजणांना तिला कुशीवर वळवायला सांगितले गेले, कारण एवढे वजन एकाच स्थितीत पायांवर राहिले तर स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो, आणि उठलेले जनावरही पुढे लंगडत मरू शकते. पुढच्या मिनिटाला सात. त्याच्या पुढच्या मिनिटाला नऊ. तो नऊचा आकडा सांगताना माझा आवाज कापला, हे मला आठवते.

परतल्यापासून माझ्या कॉलेजमधील मुले-मुली मला विचारतात, की असे प्रशिक्षण घ्यावे का आणि कोठे घ्यावे. त्यांना मी एकच कसोटी सांगते. तुम्ही गेला नसतात, तरी त्या दिवशी ते जनावर बेशुद्ध केले गेले असते का? उत्तर ‘हो’ असेल, तरच जावे. आम्ही होतो तेथे कानांच्या खाचांचे वेळापत्रक वर्षभर आधी ठरलेले होते. आमच्या शुल्कातून हेलिकॉप्टरच्या इंधनाचा आणि औषधाचा खर्च भागत होता, आणि त्या बदल्यात आम्हाला हातभार लावत शिकायला मिळत होते. हा व्यवहार मला स्वच्छ वाटतो. विद्यार्थ्यांना ‘अनुभव’ मिळावा म्हणून एखाद्या हरणाला किंवा गेंड्याला गुंगी देणे मात्र अक्षम्य आहे, कारण प्रत्येक गुंगीत जिवाला धोका असतोच. सिंहाच्या छाव्यांना बाटलीने दूध पाजण्यासाठी परदेशी तरुणांकडून पैसे घेणारी ठिकाणेही दक्षिण आफ्रिकेत पुष्कळ झाली. आईपासून तोडून माणसाळवलेले ते छावे पुन्हा जंगलात जाऊ शकत नाहीत, आणि त्यांतील कित्येक मोठे होऊन कुंपणातील शिकारीला बळी पडले. तेथे वन्यजीवांची सेवा होते, असे कृपया कोणी समजू नये.

दुसरी गोष्ट मला तेथे गेल्यावरच उमगली. आमच्या गटात परदेशी विद्यार्थी अधिक होते, पण शिक्षकांचे सर्वाधिक लक्ष दोन स्थानिक विद्यार्थ्यांकडे होते. सर्वांत अवघड कामे त्यांना दिली जात आणि चूक झाली तर त्यांनाच सर्वांत जास्त वेळ समजावले जाई. प्रथम मला ते थोडे खटकले. नंतर वाटले, की आम्ही तीन आठवड्यांनी विमानात बसणार, आणि पावसाळ्यातील एखाद्या रात्री फाशात अडकलेल्या जिराफाकडे धावायची वेळ येईल, तेव्हा तेथे हेच दोघे असणार. शिवाय साऱ्या दक्षिण आफ्रिकेत पशुवैद्यकाची पदवी देणारी विद्याशाखा एकच आहे, प्रिटोरिया विद्यापीठाची, ऑन्डरस्टेपूर्ट येथे. तेथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक हाताचे मोल किती असेल, याचा अंदाज त्यावरून यावा.

युगांडातील ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका यांचे उदाहरण मला नेहमी आठवते. 1996 साली, वयाच्या पंचविशीत, त्या आपल्या देशाच्या पहिल्या वन्यजीव पशुवैद्यक झाल्या, आणि लगेचच ब्विंडीच्या जंगलातील पर्वतीय गोरिलांचे केस गळू लागल्याचे त्यांना कळवण्यात आले. ती खरूज होती. एक पिल्लू दगावले. बाकीचे आयव्हरमेक्टिन या औषधाने बरे झाले. गोरिला जंगलाच्या कडेच्या शेतांत शिरत, आणि तेथील बुजगावण्यांना घातलेल्या जुन्या कपड्यांतून ही खरूज त्यांच्यापर्यंत पोचली असावी, असा माग लागला. म्हणजे गोरिला वाचवायचे तर त्या गावातील माणसांची खरूज आणि खोकला आधी बरा करायला हवा, हे त्यांनी ओळखले, आणि 2003 साली त्यासाठी संस्थाच उभी केली. बाहेरून महिनाभरासाठी आलेल्या तज्ज्ञाने गोरिलांवर उपचार केले असते. गावकऱ्यांच्या अंगावरील कपड्यांची चौकशी करायला त्यांच्यातीलच कोणीतरी लागते.

याच धाग्यावर मला बुळकांडी या गुरांच्या जीवघेण्या साथरोगाविषयी लिहायचे आहे, कारण माझ्या मते आफ्रिकेच्या जंगलांसाठी पशुवैद्यकांनी केलेले सर्वांत मोठे काम गाईच्या गोठ्यात झाले. बुळकांडीने एका महिन्यात गोठा कसा ओस पडला, हे माझी आजी सांगत असे. हाच रोग 1880च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर उतरला. हिंदुस्थानातून नेलेल्या गुरांबरोबर तो गेला असावा, असे मानले जाते. दहा वर्षांच्या आत तो खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोचला. गुरांबरोबर रानम्हशी आणि विल्डबीस्ट, कुडू यांसारखे हरणांच्या जवळचे प्राणी असंख्य मेले, आणि इथिओपियापासून मसाई मुलखापर्यंत माणसे उपासमारीने गेली. पुढे केनियात वॉल्टर प्लोराइट यांनी पेशींवर वाढवलेली लस तयार केली, आणि टांझानियातील सेरेंगेटीच्या जंगलासभोवतालच्या गुरांना लसी टोचल्या गेल्या. एकाही विल्डबीस्टला सुई लागली नाही. तरी 1961 च्या सुमारास अडीच लाख असलेली त्यांची संख्या 1977 पर्यंत तेरा लाखांच्या घरात गेली. एवढ्या तोंडांनी गवत चरल्यामुळे वणवे घटले, आणि वणवे घटल्यामुळे झाडे पुन्हा उभी राहिली. 2011 साली बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. देवीच्या रोगानंतर समूळ नाहीसा झालेला तो दुसराच रोग. ऊन-पावसात गोठ्यागोठ्यांतून हिंडणाऱ्या ज्या अनाम लसीकरण करणाऱ्यांनी हे घडवले, त्यांच्याविषयी मला फार कृतज्ञता वाटते.

सगळेच इतके सरळ होत नाही. 1994 साली सेरेंगेटीतील सुमारे एक तृतीयांश सिंह कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांत आढळणाऱ्या विषाणूजन्य रोगाने मेले, तेव्हा भोवतालच्या गावांतील कुत्र्यांना लसी देण्याची मोहीम सुरू झाली. कुत्र्यांना त्याचा फायदा झालाच. पण विषाणू सिंहांत अधूनमधून येतच राहिला, कारण तो इतर वन्य प्राण्यांतही फिरत असतो. 2018 साली गीरमध्ये याच रोगाने सिंह गेले, तेव्हा सेरेंगेटीचा तो अनुभव आपल्याकडील पशुवैद्यकांना नव्याने वाचावा लागला.

त्या सकाळी सगळे काम आटोपायला वीस मिनिटेही लागली नाहीत. सामान गाडीत गेले, मंडळी मागे सरली, आणि शिक्षकांच्या बरोबर मी आणि ते दोन स्थानिक विद्यार्थी एवढेच तिच्याजवळ उरलो. त्यांच्यातील एकाने कानाच्या शिरेत उतारा दिला, दुसऱ्याने डोळ्यांवरचा टॉवेल सोडला आणि मी कानांतील मोजे ओढून काढले. आम्ही गाडीकडे धावलो. मागे वळून पाहिले, तेव्हा ती उभी होती, खाचा पाडलेले कान आमच्या दिशेने वळवून हवा हुंगत होती. दुसऱ्या मिनिटाला ती शांतपणे झुडपांत निघून गेली. गाडी सुरू करण्याआधी शिक्षकांनी मला विचारले, की मोजे किती आहेत. मी दोन म्हणाले. त्यांनी हात पुढे केला, दोन्ही मोजे स्वतः घेऊन मोजले आणि मगच किल्ली फिरवली.