कवचबीजाचा डबा आणि आईच्या गोळ्या

आईला कंपवाताचे (पार्किन्सन्सचे) निदान होऊन सहा वर्षे झाली. या काळात घरी भेटायला आलेल्या बहुतेकांनी कवचबीज चूर्णाचे नाव काढले आणि गेल्या दिवाळीत मामांनी त्याचा डबाच आणून दिला. डबा मायेने आणलेला होता. ‘घेऊ का गं?’ असे आईने विचारले तेव्हा मला उत्तर देता आले नाही, म्हणून मी या बियांवर झालेल्या चाचण्यांबद्दल वाचायला बसले.

कवचबीज म्हणजे खाजकुहिलीचे बी. त्यात लेव्होडोपा असते, हे मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये दाखवले. आईच्या गोळीतले मुख्य औषधही तेच. त्याआधी १९१३ मध्ये गुगेनहाइम या रसायनशास्त्रज्ञाने ते फाबा बीन या शेंगवर्गीय बियांमधून वेगळे केले होते. त्याने त्यातले अडीच ग्रॅम स्वतः खाऊन पाहिले आणि त्याला उलट्या झाल्या. पुढे १९५० च्या दशकात स्वीडिश शास्त्रज्ञ कार्लसन यांनी सर्पगंधेतल्या रेसरपिनने ससे निश्चल केले आणि लेव्होडोपा देऊन त्यांना पुन्हा हालते केले. लेव्होडोपापासून मेंदूत डोपामिन हे हालचालीसाठी लागणारे रसायन बनते; त्याचे महत्त्व या प्रयोगातून उलगडत गेले. म्हणजे या औषधाची मुळे वनस्पतींतच आहेत, आणि मामांचे म्हणणे निराधार नव्हते.

भारतात कवचबीजावर आधारलेली एक भुकटी साठ रुग्णांना बारा आठवडे देण्यात आली. तिचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि रुग्णांच्या लक्षणांत चांगली सुधारणा नोंदवली गेली. मात्र काय घेत आहोत हे सर्वांना ठाऊक होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. कंपवातात नुसत्या आशेनेही काही काळ हालचाल सुधारते, हे मी आईच्या बाबतीत अनेकदा पाहिले आहे. त्यामुळे ही उणीव मला मोठी वाटते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या चाचणीत ती टाळली होती. तेथे आठच रुग्ण होते, परंतु कोणाला काय दिले आहे हे ना रुग्णाला माहीत होते, ना तपासणाऱ्याला. तीस ग्रॅम कवचबीजाचा परिणाम सुमारे ३५ मिनिटांत सुरू झाला, तर नेहमीच्या गोळीला सुमारे ६९ मिनिटे लागली. शिवाय तो साधारण ३७ मिनिटे अधिक टिकला. हे वाचताना मला फार आनंद झाला, कारण गोळी लागू पडेपर्यंत खुर्चीत अडकून बसणे म्हणजे काय, हे मी रोज पाहते.

मात्र हे मोजमाप एकेका मात्रेचे होते. बोलिव्हियात भाजलेल्या बियांची भुकटी चौदा रुग्णांना रोज देऊन पाहिली, तेव्हा सात जणांना ती मध्येच सोडावी लागली; चौघांना पोटाचा त्रास झाला आणि तिघांची हालचाल हळूहळू बिघडली. आईच्या गोळीत लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा असते, जे मेंदूबाहेर होणारे त्याचे डोपामिनमधील रूपांतर रोखते आणि त्यामुळे मळमळही कमी होते. नुसत्या बियांत ही सोय नाही.

वनस्पतीतले आहे म्हणून निर्धोक, हा समज मला आता मान्य नाही. डेरिस या वेलीच्या मुळांतून मिळणारे रोटेनोन हे कीटकनाशक दिले की उंदरांत कंपवातासारखी लक्षणे उमटतात, आणि संशोधक रोगाच्या अभ्यासासाठी त्याचाच उपयोग करतात.

मी डबा घेऊन आईच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चूर्णाला नावे ठेवली नाहीत. एका चमच्यात लेव्होडोपा किती मिलिग्रॅम आहे, एवढेच विचारले. डब्यावर ते लिहिलेले नव्हते. गोळ्यांच्या जोडीला हे चूर्ण घेतले तर एकूण मात्रा किती झाली हे कळणार नाही आणि नकळत वाढलेल्या मात्रेने अंग आपोआप वळवळू लागेल, असे त्यांनी समजावले. मामांना मी हे सगळे फोनवर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘मग मात्रा लिहिलेले मिळाले, तर डॉक्टरांना दाखवशील ना?’ मी हो म्हटले.