हॉर्न्ली धारेनं मॅटरहॉर्न: चढाईइतकीच उतराई

आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराची हॉर्न्ली धार तांत्रिकदृष्ट्या फार अवघड नाही असं सांगतात, आणि ते खरंच आहे. कस लागतो तो तिच्या लांबीमुळे. गिर्यारोहकांच्या मुक्कामाची हॉर्न्ली हट ३२६० मीटरवर, माथा ४४७८ मीटरवर. म्हणजे बाराशे मीटर कातळ एका दिवसात चढायचा आणि तेवढाच उतरायचा. म्हणून मी सराव केला तो सोप्या कातळाचाच, पण जाड बूट घालून, न थांबता, आणि चढण्यापेक्षा उतरण्याचा जास्त.

पहाटे अंधारात हटमागच्या पहिल्या दोरापाशी हेडलॅम्पची रांग लागते. मी आणि माझा गाईड एका दोरात होतो. धारेचा खालचा भाग म्हणजे दगडांचा चक्रव्यूह आहे. वाट बहुतेक धारेच्या डावीकडून, पूर्व भिंतीच्या कडेनं जाते. पण सोपं दिसतंय म्हणून भिंतीत जास्त आत शिरलं की घसारा आणि सुटे दगड सुरू. झिजून गुळगुळीत झालेला, क्रॅम्पॉनच्या (बुटांना लावायच्या लोखंडी काट्यांच्या) ओरखड्यांनी पांढरट पडलेला खडक दिसला की समजावं, वाट बरोबर आहे. प्रत्येक पकड मी आधी तळव्यानं ठोकून बघत होते. भरीव आवाज आला तर भार टाकायचा. पोकळ वाजली तर सोडून द्यायची, कितीही हाताशी असली तरी.

उन्हाळ्यात या धारेला जपावं लागतं ते याचसाठी. भेगांमधला बर्फ दगड धरून ठेवतो आणि तो वितळला की पकड सुटते. २००३च्या कडक उन्हाळ्यात याच धारेवर मोठी दरड कोसळली होती.

खालचा मोझली स्लॅब, म्हणजे कातळाचा सपाट तिरका पट्टा, चढला की ४००३ मीटरवर सोल्वे हट येते. १९१५ साली बांधलेली ही लाकडी झोपडी फक्त आणीबाणीसाठी आहे, मुक्कामासाठी नाही. गाईड इथं घड्याळ बघतात आणि वेग कमी वाटला तर सरळ मागे फिरवतात. मला ही पद्धत पूर्ण पटते. वर जाऊन थकलेला माणूस उतरताना अडकतो. वर डोंगराच्या खांद्यापाशी जाड दोर लावलेले आहेत. सगळा भार हातांवर घेतला तर त्या उंचीवर दंड लगेच भरून येतात. पायांनी चढायचं, दोर फक्त तोलाला.

त्यापुढे क्रॅम्पॉन चढवून बर्फाचा उतार. १४ जुलै १८६५ रोजी पहिल्यांदा माथा गाठलेल्या सातजणांपैकी चौघे उतरताना याच वरच्या भागात मृत्युमुखी पडले. पाय घसरला, दोर तुटला. माथा अरुंद आहे. आम्ही पाणी प्यायलो आणि फिरलो.

उतरताना क्रम उलटा होतो. मी पुढे, गाईड मागे, म्हणजे वाट शोधणं माझ्याकडे. सोप्या जागी दरीकडे तोंड करून उतरायचं, कारण कातळाकडे तोंड केलं की पुढची वाट दिसत नाही. स्लॅबवर त्यानं लोखंडी खुंटाला दोराचा वेढा देऊन मला खाली सोडलं. मांड्या थरथरत होत्या, तरी हेल्मेट आणि दोर हटच्या अंगणापर्यंत अंगावरच होते. चढायला लागला त्याहून थोडा जास्तच वेळ उतरायला लागला.