सोरेंतोचे सहा दिवस आणि आईंच्या पर्समधलं महाळुंग

गोव्यातल्या फोंड्याहून इटलीला निघताना सगळ्यांचा एकच सल्ला, रोज हॉटेल बदलत बसू नका, आईंना झेपणार नाही. तो ऐकला ते बरं झालं. मी, नवरा आणि सासूबाई (वय ६९, गुडघे त्याहून म्हातारे) असे तिघं सोरेंतोत एकाच ठिकाणी सहा रात्री राहिलो, सकाळी चहा पिऊन निघायचं आणि दिवेलागणीला परत. रोमहून नेपल्स फास्ट ट्रेनने सव्वा तास, तिथून चिर्कुमवेसुवियाना नावाची लोकल, जिचं नाव नीट म्हणता येईपर्यंत आपण सोरेंतोला पोचलेलो असतो. डाव्या खिडकीत वेसुवियस ज्वालामुखी. आईंनी विचारलं हा अजून जागा आहे काय, तर शेवटचा १९४४ साली फुटला म्हटल्यावर त्यांनी बसल्या जागेवरून हात जोडले. म्हणाल्या, "ओळख ठेवलेली बरी गो."

पहिल्या दिवशी पॉम्पेई. सोरेंतोहून त्याच लोकलने अर्धा तास आणि स्टेशनच्या बाहेर पडलं की समोरच गेट. आता दिवसाला २० हजारच लोकांना सोडतात आणि तिकिटावर नाव असतं, त्यामुळे ऑनलाइन काढून ठेवा आणि पासपोर्ट जवळ ठेवा. आणि टोपी घ्या, पाण्याची बाटली घ्या, सावली म्हणून नाही तिथे! मे महिना होता तरी आपल्या एप्रिलसारखं डोकं तापलं.

इसवी सन ७९ मध्ये त्याच वेसुवियसच्या राखेखाली गेलेलं गाव म्हणजे मला वाटलं होतं पडक्या भिंती बघत फिरायचं. पण रस्त्यावर गाड्यांच्या चाकांनी घासून पडलेले चर आहेत, आणि मध्येच तीन उंच दगड मांडलेत, रस्त्यातल्या पाण्यात पाय न घालता पलीकडे जाता यावं म्हणून, आणि दोन दगडांमधलं अंतर असं की गाडीची चाकं बरोबर त्यातून जातील. पावसाळ्यात आमच्या वाड्यावरच्या रस्त्याला असे दगड कोणी घातले तर मी त्याला मत देईन. मग एक बेकरी. भट्टी थेट आमच्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या भट्टीसारखी आणि अंगणात दगडी जाती, कमरेएवढी, मध्ये बारीक, डमरूसारखी. ती गाढवं जुंपून फिरवायची. आई एका जात्याला हात लावून बराच वेळ उभ्या होत्या. पुढे काचेत ती माणसं, म्हणजे राखेत शरीरं कुजून राहिलेल्या पोकळीत प्लास्टर ओतून काढलेले साचे, ही युक्ती फियोरेल्ली नावाच्या माणसाने १८६३ मध्ये केली. तोंडावर हात धरून बसलेला एक आहे. तिथे आम्ही थांबलो नाही.

गावाच्या मुख्य रस्त्यावर एका घरात १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय मूर्ती सापडली, हे मी घरून वाचून गेले होते. लोक तिला पॉम्पेईची लक्ष्मी म्हणतात. आईंना सांगितलं आणि चूक केली, कारण मूर्ती इथे नाही, नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे, आणि आता आईंना दुसरं काही दिसेना. "लक्ष्मी एवढ्या लांब येऊन बसलीय आणि आपण तिला न भेटता जायचं?"

काप्री बेट मात्र फसलं. बोट जेमतेम अर्ध्या तासाची, पण मुख्य हौस होती निळ्या गुहेची. तोंड एवढं ठेंगणं की छोट्या होडीत आडवं पडून आत जायचं, आणि पाण्याखालच्या दुसऱ्या वाटेने ऊन शिरतं म्हणून आतलं पाणी खालून दिवा लावल्यासारखं निळं दिसतं. लाटा जरा उठल्या की बंद. त्या दिवशी बंद. दर्यापुढे कोणाचं चालतं, आम्हाला ते कोणी सांगायला नको. मग बेटावरच्याच आनाकाप्री गावाला जाऊन एकेकट्याने बसायच्या लोंबत्या खुर्चीने मोंते सोलारोवर गेलो, ५८९ मीटर, वरून समुद्रातले ते फाराल्योनी खडक बघितले, नवऱ्याने ऐंशी फोटो काढले. झालं काप्री.

अमाल्फीला बसने जायचं तर उजव्या बाजूची सीट पकडा, समुद्र तिकडेच. तिकीट आधी तंबाखूच्या दुकानात घ्यायचं आणि बसमध्ये चढल्यावर मशीनमध्ये पंच करायचं. रस्ता म्हणजे चोर्ला घाट समुद्राच्या काठावर आणून ठेवला आणि अजून अरुंद केला. वळणावर बस हॉर्न मारते, समोरची गाडी मुकाट्याने मागे जाते. आईंना गाडी लागते, त्या डोळे मिटून आल्याची वडी चघळत बसल्या आणि पोझितानो आलं कधी गेलं कधी त्यांना कळलंच नाही. (येताना अमाल्फीहून बोटीने आलो. हेच जातानाही करायला हवं होतं, उन्हाळ्याच्या सीझनला बोटी असतात.)

अमाल्फीचं कॅथेड्रल ६२ पायऱ्या वर. आई म्हणाल्या तुम्ही जा, मी बसते. खाली उतरलो तर त्या एका फळवाल्यापुढे उभ्या. तिथे लिंबं म्हणजे काय सांगू, सगळ्या डोंगरावर पायऱ्या पायऱ्यांच्या बागा आणि लिंबं हातभर लांब वाटावीत अशी, पण आईंच्या हातात होतं ते त्याहून मोठं, सोललेल्या नारळाएवढं, जाड सालीचं, खडबडीत. "अगो हे महाळुंग!" कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच. त्यांच्या माहेरी परसात झाड होतं म्हणे, आता गोव्यात शोधून मिळत नाही. तिकडे त्याला चेद्रो म्हणतात, साल काढून आतला पांढरा गर मीठ लावून खातात. फळवाल्याने एक फोड कापून दिली, आईंनी अख्खं एक विकत घेतलं आणि पर्समध्ये ठेवलं. पर्सची चेन लागेना.

शेवटचा दिवस नेपल्स. शेजारच्या ख्रिस्ती काकींनी सां कायतान या संतापुढे मेणबत्ती लावायला सांगितली होती. ओल्ड गोव्यातलं त्याच्या नावाचं चर्च ज्यांनी बांधलं ते पाद्री इटलीचेच, आणि तो स्वतः १५४७ मध्ये वारला तो नेपल्समध्ये, म्हणून ते काम आधी उरकलं. मग म्युझियम. मंगळवारी बंद असतं, लक्षात ठेवा.

आणि इथे खरी पंचाईत. लक्ष्मी ठेवलीय 'गुप्त दालनात'. म्हणजे पॉम्पेईत सापडलेली सगळी, काय म्हणू आता, चावट चित्रं आणि शिल्पं ज्या खोलीत ठेवलीत तिथे. नवरा दारातच म्हणाला मी जरा कॉफी पिऊन येतो. मी सासूबाईंचा हात धरून, नजर सरळ ठेवून, आत. आई शांतपणे दोन्ही बाजू बघत चालल्या. "ही माणसं आपल्यासारखीच हो," एवढंच म्हणाल्या.

मूर्ती वीतभर, फार तर थोडी जास्त. अंगावर कपडा नाही पण दागिने बघा, कोपरापर्यंत बांगड्या, पायांत गुडघ्याजवळ पोचणारे वाळे, पाठीवर जाड वेणी, दोन बाजूंना दोन दासी. डोक्यातून भोक पाडलंय, म्हणजे आरशाची मूठ असेल नाहीतर कसल्या फर्निचरचा पाय. लक्ष्मी की यक्षी यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण अशाच घडणीच्या मूर्ती आपल्या जालन्याच्या भोकरदनला आणि धाराशिवच्या तेरला मिळाल्यात, त्यामुळे सातवाहनांच्या काळात दख्खनमधून एखाद्या जहाजात बसून ही बाई इथवर आली असं मानायला जागा आहे. हे सगळं मी हळू आवाजात सांगत होते. आई ऐकत नव्हत्या. त्या वाळे मोजत होत्या.

मग त्यांनी पर्स उघडली, महाळुंग काढून दोन्ही हातांत धरलं, काचेपुढे एक क्षण उभ्या राहिल्या. कोपऱ्यातली गार्ड बाई खुर्चीतून उठली. आईंनी तिच्याकडे बघून हसून फळ परत आत ठेवलं. ती पण हसली आणि बसली.

रात्री हॉटेलच्या बाल्कनीत नवऱ्याच्या स्विस चाकूने ते कापलं. मीठ खाली रिसेप्शनवरून मागून आणलं.