डावीकडे जाणारं पिस्तूल

मी जिल्हा पोलीस मुख्यालयात आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, आहे. वार्षिक गोळीबार सरावाच्या दिवसांत माझं टेबल फायरिंग पॉइंटच्या मागे, झाडाखाली असतं. वर तेल, चिंध्या, हातोडी, पितळी ड्रिफ्ट (ठोके देऊन भाग सरकवायची कांडी), व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी). "हत्यार वाकडं मारतंय" अशी तक्रार घेऊन रोज कुणी ना कुणी येतं, आणि बहुतेक वेळा हत्यार सरळच निघतं.

त्या दिवशी तिसरी डिटेल, म्हणजे फायररची तिसरी तुकडी, संपल्यावर एक पीएसआय मॅडम आल्या. नुकत्याच बदली होऊन आलेल्या, पिस्तूल इश्यू होऊन दोन महिने झालेले. आपलं नेहमीचं 9 एमएम ऑटो, ईशापूरच्या रायफल कारखान्याचं, ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घडणीचं. 15 मीटरवर दहाच्या दहा राउंड टार्गेटवर होते, पण सगळे मध्याच्या खाली आणि डावीकडे, पसरलेले.

"हवालदार, ट्रेनिंगला मी चांगली फायरर होते. आता टार्गेटकडे बघवत नाही," त्या म्हणाल्या.

गोळीबार शिकवणारे उस्ताद लांबूनच म्हणाले, "ट्रिगर झटकताहेत." मीही मान हलवली. उजव्या हाताच्या फायररचे राउंड खाली-डावीकडे गेले की पहिला संशय तोच. आवाजाची आणि धक्क्याची धास्ती मनात असली की राउंड सुटायच्या आधीच मूठ आवळली जाते, मनगट खाली जातं, बोट ट्रिगरला मागे ओढण्याऐवजी बाजूला रेटतं. "मजबूत पकड, दुरुस्त शिस्त (म्हणजे अचूक नेम), ट्रिगर ऑपरेशन" हे आपण भरती झाल्यापासून घोकतो, पण घोळ नेहमी तिसऱ्यात होतो.

खात्री करायची म्हणून मी त्यांच्याकडे पाठ करून मॅगझिन भरलं. पाच राउंड, मध्येच दोन ड्रिल राउंड, म्हणजे न उडणारे सरावाचे राउंड. कुठे कोणता आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. दोन राउंड सुटले, तिसऱ्याला नुसता 'टक्' आवाज झाला आणि पिस्तुलाचं तोंड बोटभर खाली गेलं. धक्का नव्हताच, तरी हात धक्क्याला उत्तर देऊन मोकळा झाला होता. मॅडमनी ते स्वतः पाहिलं. क्षणभर त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पुन्हा भरा."

त्यानंतर अर्धा तास नुसता ड्राय सराव, म्हणजे गोळीशिवाय. या पिस्तुलात मॅगझिन नसेल तर घोडा पडत नाही, म्हणून चेंबर दोनदा तपासून रिकामं मॅगझिन आत घालावं लागतं. नजर फोरसाइटवर (पिस्तुलाच्या तोंडाजवळची नेम धरायची खूण), ट्रिगर सावकाश, घोडा पडला तरी फोरसाइट जागची हलता कामा नये. त्या चिकाटीच्या होत्या. घामाने तळवा ओला झाला की पुसायच्या आणि पुन्हा उभ्या राहायच्या.

मग पाच जिवंत राउंड. ग्रुप, म्हणजे पाच भोकांचा पुंजका, तळहातात मावेल एवढा झाला होता आणि उंचीला बरोबर मध्यावर आला होता. पण डावीकडेच! मोजलं तर ग्रुपचा मध्य 9 सेंटीमीटर डावीकडे होता.

उस्ताद म्हणाले, "अजून थोडं बोट सुधारायला हवं." मला ते पटेना. बोट रेटत असतं तर ग्रुप आडवा ताणला गेला असता. ड्राय करताना फोरसाइटही हलली असती. इथे पाचही राउंड एकमेकांना चिकटून बसले होते.

मी पिस्तूल मागून घेतलं, वाळूच्या पोत्यावर हात टेकवून पाच राउंड मारले. ग्रुप छोटा, आणि तोही तितकाच डावीकडे. हे मी सकाळीच करायला हवं होतं. मान हलवण्याआधी पोत्यावरून पाच राउंड मारले असते, तर मॅडमना तासभर सगळा दोष स्वतःवर घ्यावा लागला नसता. मी त्यांना तसं सांगितलं आणि माफी मागितली.

टेबलावर आणून भिंग लावलं. बॅकसाइट, म्हणजे नेम धरायची मागची साइट, तिच्या खाचेत डावीकडे सरकलेली होती. उजव्या बाजूला खाचेचा एक बारीक, स्वच्छ पट्टा उघडा पडला होता, आणि साइटच्या उजव्या अंगावर ठोकल्याची खूण होती. पिस्तूल पडल्याने अशी खूण होत नाही. कुणीतरी ठरवून ठोकलं होतं.

हिशेब सोपा आहे. या पिस्तुलाच्या दोन साइट्समधलं अंतर सुमारे 16 सेंटीमीटर. 15 मीटरवर 9 सेंटीमीटरचा फरक म्हणजे बॅकसाइट जेमतेम 1 मिलिमीटर सरकलेली. राउंड जिकडे न्यायचा तिकडे बॅकसाइट सरकवायची. फोरसाइटचं मात्र उलटं असतं. राखीव पोलीस निरीक्षक साहेबांची परवानगी घेतली, पेन्सिलीने रेघ मारली, पितळी ड्रिफ्ट लावून हलके ठोके दिले आणि प्रत्येक ठोक्यानंतर व्हर्नियर लावला. मॅडमच्या पुढच्या पाच राउंडांनी मध्यावरचा कागद फाडला. त्या वळल्या आणि काही न बोलता टार्गेट माझ्यापुढे धरलं.

ती साइट कुणी आणि का सरकवली, हे मात्र मला स्वस्थ बसू देईना. संध्याकाळी इश्यू रजिस्टर उघडलं. मॅडमच्या आधी हे पिस्तूल एका हवालदाराकडे होतं. नाव वाचताच माणूस डोळ्यांसमोर आला. तो डावखुरा आहे. डावखुऱ्याने ट्रिगर झटकला तर राउंड खाली-उजवीकडे जातो! त्याने साइट डावीकडे ठोकून राउंड मध्यावर आणले होते. तेच पिस्तूल उजव्या हाताच्या फायररकडे आलं आणि त्याचं डावीकडे मारणं आणि मॅडमच्या हाताचं डावीकडे जाणं एकमेकांत मिसळलं.

दुसऱ्या दिवशीच्या यादीत तो होताच. विचारल्यावर त्याने लपवलं नाही. "राउंड उजवीकडे जायचे दादा, दरवर्षी बोलणी खायचो. एकदा खोलीवर बसून ठोकलं." त्याला आता दुसरं पिस्तूल मिळालं होतं आणि त्याचे दहा राउंड खाली-उजवीकडे पडले होते. मी त्याचं मॅगझिन मागितलं, पाठ फिरवली आणि चौथ्या जागी ड्रिल राउंड घातला.