वरच्या तियानझूची वाट

चिनी पंचांगातल्या सहाव्या महिन्याची १९ तारीख ही ग्वानयिनची, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वराची. आदल्या रात्री चीनमधल्या हांगझोऊ शहराची माणसं लिंगयिन मंदिरापासून डोंगरातल्या वरच्या तियानझू मंदिरापर्यंत चालत जातात. आपली आषाढी होऊन आठवडा उलटला होता. वारी चुकल्याची रुखरुख मनात होतीच, म्हणून ऑफिस सुटल्यावर मीही निघालो.

चाल फार नाही, पण उकाड्याने जीव नकोसा होतो. दोन्ही बाजूंना चहाचे मळे, शाकाहारी खानावळी, मधेच काचेच्या भिंतींचं एखादं कॉफीचं दुकान. लिंगयिनसमोरचा फेइलाय डोंगर भारतातून उडत आला आणि चौथ्या शतकात हुइली नावाच्या भारतीय भिक्खूने तो ओळखला, अशी इथली दंतकथा. मी भारतातला म्हटल्यावर बायकांच्या एका दिंडीने मला लगेच आपल्यात घेतलं. हो, दिंडीच. दुसरा शब्द मला सुचत नाही.

हूझोऊकडच्या खेड्यातल्या एक आजी शेजारून चालत होत्या. गळ्यात पिवळी कापडी पिशवी, आणि तिच्यावर मंदिराचे लाल शिक्के. दर खेपेला एक नवा. जुने फिके पडून गुलाबी झालेले, त्यांच्यावरच नवे उमटवलेले. कापड कुठे कोरं राहिलंच नव्हतं. मी विचारलं, लहानपणापासून येता का? मोबाईलने माझं बोलणं चिनीत ऐकवलं तशा त्या जोरात मान हलवून नाही म्हणाल्या. त्यांच्या तरुणपणी माओची सांस्कृतिक क्रांती चालू होती. १९६६ ते १९७६ या काळात उदबत्ती लावायचीही चोरी होती. नवस बोलणारी त्यांची आजी घरात होती, पण वाट बंद. या चालायला लागल्या त्या लग्न होऊन मुलं झाल्यावर.

तिथे माझा एक समज गळून पडला. पुढे विशीतल्या मुली चालल्या होत्या, दानपेटीवरचा कोड स्कॅन करून पैसे देणाऱ्या. मोबाईलने पैसे देण्याचं अलीपे सुरू करणारी कंपनी अलीबाबा १९९९ साली याच शहरात सुरू झाली. रोकड इथे फारसं कुणी बाळगत नाही. त्यांना पाहून मी मनात म्हणत होतो, या नव्या आणि आजी जुन्या. पण आजीही ही वाट मोठेपणीच शिकल्या होत्या. तुटलेला धागा त्यांनी स्वतः उचलला, तसा या मुली आता उचलताहेत. चीनने परंपरा गमावली असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. बंदी उठल्यावर कुणी न सांगता पुन्हा चालायला लागणं, यात मला मोठी श्रद्धा दिसते.

मंदिरात उदबत्त्यांच्या धुराने डोळे चुरचुरत होते. आजींनी माझ्या हातातल्या तीन काड्या सरळ केल्या, कपाळापर्यंत उंच धरायला लावल्या आणि चारही दिशांना वाकून नमस्कार करवून घेतला.

नवव्या महिन्यात १९ तारखेला पुन्हा हीच वाट. आजींनी यायचं बजावून ठेवलंय, आणि या खेपेला आईलाही बोलवायचा विचार आहे.